डोंगरात खाणं कमी करू नका

पायपीट:

आमच्या चालणाऱ्या गटात हल्ली जी नवी मंडळी येतात ती पूर्वीपेक्षा कितीतरी तंदुरुस्त असतात. जिमला जातात, साखर सोडलेली असते, रोजची पावलं मोजतात. याचा मला मनापासून आनंद आहे. पण एक गोष्ट वारंवार दिसते आणि खटकते, म्हणून हा धागा काढतोय. दिवसभराच्या चढाईत दुपारनंतर अवसान गळतं ते बरेचदा याच मंडळींचं. पायात जोर नसतो म्हणून नाही, पोटात काही नसतं म्हणून.

मागच्या मोसमात एक तरुण मुलगा सोबत होता. पहाटे बिनसाखरेची काळी कॉफी घेतली, बाकी काही नाही, कारण त्याची खाण्याची वेळ दुपारी बाराला सुरू व्हायची. पहिले दोन तास तो सगळ्यांच्या पुढे होता. मग त्याचं बोलणं थांबलं. काही विचारलं तर तुटक उत्तरं यायला लागली. सपाटीवर पाय दगडाला अडखळला, थोड्या वेळाने पुन्हा. बुटाची नाडी सुटली होती म्हणून खाली बसला, तर गाठच जमेना, बोटं नाडीवर नुसती फिरत राहिली. मानेला हात लावला तर घाम गार लागला. सावलीत बसवून थोडे खजूर आणि साखरपाणी दिलं. अर्ध्या तासात गडी स्वतःहून बोलायला लागला. म्हणाला, "मला वाटलं माझा फिटनेसच कमी पडला."

फिटनेस कमी पडलाच नव्हता. आपल्या यकृतात साधारण १०० ग्रॅम आणि स्नायूंमध्ये साधारण ४०० ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे राखून ठेवलेली साखर, साठवलेलं असतं. ग्रॅमला ४ कॅलरी धरल्या तर सगळे मिळून २००० कॅलरीच्या आसपास. त्यातला यकृतातला साठा रात्रीच्या झोपेतच बराच उतरतो, कारण झोपेतही मेंदूला ग्लुकोज लागतंच. आता खर्च बघा. सॅक पाठीवर घेऊन डोंगरात चालताना वजनाच्या दर किलोमागे तासाला ६ ते ७ कॅलरी जळतात. म्हणजे ६० किलोच्या माणसाला सहा तासांच्या चालीला २२०० ते २५०० कॅलरी, आणि बाकीच्या दिवसाचा खर्च वेगळाच. कडक चढावर हा खर्च मुख्यतः ग्लायकोजेनमधून होतो. सकाळी अर्धवट साठ्यावर निघायचं आणि वाटेत काही टाकायचं नाही, म्हणजे दुपारी पाय ओढत चालणं आलंच.

माझं म्हणणं एवढंच आहे की आरोग्याला चांगलं काय, हे त्या दिवशी अंगाला किती काम पडणार आहे त्यावर ठरतं. खुर्चीत बसून काढायच्या दिवसाचा आहार जसाच्या तसा डोंगरात नेला तर तोच आहार धोक्याचा होतो. अडखळणारा पाय आणि चिडचिडं डोकं घेऊन कड्याच्या कडेने चालणं हा अपघाताचा सरळ रस्ता आहे.

तुम्ही चालताना, सायकलवर, कयाकमध्ये काय खाता, किती वेळाने खाता, आणि एरवीच्या दिवसांत त्याची सांगड कशी घालता ते सविस्तर लिहा.

---

सांजवेळ:

पायपीट दादा, धागा वेळेवर आला. मी चाळिशी ओलांडलेली, दिवसभर बैठं काम. मुळात वजन उतरवायचं म्हणूनच चालायला सुरुवात केली आणि आता त्याची गोडी लागली आहे. पुढच्या महिन्यात पहिल्यांदाच मुक्कामाच्या चालीला जातेय. पण तुमचं वाचून गोंधळले. चालून ज्या कॅलरी जाळायच्या त्या वाटेतच खाऊन टाकल्या तर वजन उतरणार कसं?

---

दोनचाकी:

ताई, तुमचा प्रश्न रास्त आहे, पण वाटेत खाल्लेलं आणि खर्च झालेलं यांची बरोबरी होतच नाही. तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं हे लांबच्या श्रमांसाठीचं सर्वमान्य प्रमाण आहे. म्हणजे १२० ते २४० कॅलरी. तुमचं वजन ६० किलो धरलं तर खर्च तासाला ३६० च्या वरच जाणार. प्रत्येक तासाला तूट आहेच, फक्त ती झेपेल एवढी राहते. बेतशीर चालणाऱ्याला ३० सुद्धा पुरतात, ६० हे जोरात सायकल हाणणाऱ्याला. अडीच-तीन तासांच्या पुढच्या शर्यतीत काही जण ९० पर्यंत जातात, पण ते ग्लुकोज आणि फ्रुक्टोज एकत्र घेऊन. दोन्ही साखरा आतड्यात वेगवेगळ्या मार्गांनी शोषल्या जातात, म्हणून एवढं पचतं.

आम्हा सायकलवाल्यांत एक नियम पक्का असतो: भूक लागायच्या आधी खायचं. श्रम चालू असताना भूक उशिरा कळते, आणि कळते तेव्हा साठा तळाला गेलेला असतो. मी घड्याळात अर्ध्या अर्ध्या तासाचा गजर लावतो. गजर झाला की दोन घास आणि दोन घोट. एका मध्यम केळ्यात २५ ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं असतात, म्हणजे तासाला एक केळं आणि एक-दोन खजूर एवढ्यात काम भागतं. हे फार वाटतं का तुम्हाला?

अजून एक. खाऊ सॅकच्या तळाशी ठेवू नका. सॅक उतरवायचा कंटाळा येतो आणि "पुढच्या थांब्यावर खाऊ" म्हणत दोन तास निघून जातात. कमरेच्या पट्ट्याच्या खिशात, हात घातला की मिळेल असा ठेवा. आणि पोटालाही सराव द्यावा लागतो. चालता चालता खायची सवय नसेल तर पहिल्या दिवशी मळमळणार. रविवारच्या लांब फेरीत तेच पदार्थ खाऊन बघा, जे मोठ्या मोहिमेला नेणार आहात. नवीन जेल, नवीन बार तिथे जाऊन पहिल्यांदा उघडायचा नाही.

---

अनाहत:

मला थोडं वेगळं मांडायचंय. मी बराच काळ कमी कर्बोदकांच्या आहारावर आहे आणि लांबच्या चाली आरामात करतो. सडपातळ माणसाच्या अंगातही चरबीच्या रूपात कित्येक हजार कॅलरी असतात. चरबी ग्रॅमला ९ कॅलरी देते, कर्बोदकं ४. मग दर अर्ध्या तासाला काहीतरी चघळत राहण्यापेक्षा शरीराला चरबी जाळायला शिकवलेलं काय वाईट? मला दुपारी गळाठा येत नाही, खाऊचं वजन कमी होतं, मधेच भूक लागत नाही. 'डोंगरात खाणं कमी करू नका' हा सगळ्यांना एकच नियम लावणं मला पटत नाही.

---

पायपीट:

अनाहत, तुमचा मुद्दा बिनबुडाचा अजिबात नाही. सपाटीवर, गप्पा मारत चाललं की चरबीचा वाटा मोठा असतोच, आणि सरावलेल्या माणसात तो आणखी वाढतो. तुमचा अनुभव मी नाकारत नाही.

अडचण चढावर येते. श्रमाची तीव्रता वाढली की शरीर कर्बोदकांकडे वळतं, कारण तेवढ्याच ऑक्सिजनमध्ये त्यातून जास्त ऊर्जा निघते. ऑस्ट्रेलियाच्या लुईस बर्क यांच्या गटाने जागतिक दर्जाच्या वेगचाल खेळाडूंवर केलेला अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. तीन आठवडे कडक सराव, एका गटाला भरपूर चरबी आणि अगदी थोडी कर्बोदकं. त्या खेळाडूंची चरबी जाळायची क्षमता खूप वाढली, तुम्ही म्हणता तशीच. पण त्याच वेगाने चालायला त्यांना आधीपेक्षा जास्त ऑक्सिजन लागायला लागला, आणि सरावातून कामगिरीत जो फायदा बाकीच्यांना मिळाला तो यांना मिळाला नाही. आधीच धाप लागलेली असताना, त्यात उंचीवर हवा विरळ, तिथे ऑक्सिजनचा हा जादा खर्च मला परवडणारा वाटत नाही.

चरबीयुक्त खाण्याला मात्र माझा विरोध नाही. रॅनल्फ फाइन्स आणि माइक स्ट्राउड या ब्रिटिश मोहीमवीरांनी १९९२-९३ मध्ये अंटार्क्टिका ओलांडताना स्लेज, म्हणजे बर्फावरच्या सामानाच्या घसरगाड्या, स्वतः ओढल्या. त्यांचा शिधा चरबीने भरलेला होता, कारण तेवढ्या कॅलरी दुसऱ्या कुठल्या रूपात ओढून नेणं शक्यच नव्हतं. रोज ५००० कॅलरींच्या आसपास खाऊनही दोघांचं वजन २० किलोंहून जास्त घटलं. त्यातला बराच भाग स्नायूंचा होता. स्ट्राउड स्वतः डॉक्टर, त्यांनी वाटेत आपल्याच शरीराची मोजमापं घेतली म्हणून हे आपल्याला कळलं. तुटीवर दिवसेंदिवस चाललं की अंग आपलेच स्नायू खायला लागतं, हे मला त्यातून घेण्यासारखं वाटतं.

---

हिरवळ:

मला इथे बायकांबद्दल बोलायचंय, कारण हा विषय निघतच नाही.

मी मुलींचे गट घेऊन जाते. चालीच्या दिवशी बायका दोन गोष्टी हमखास कमी करतात, एक खाणं आणि दुसरं पाणी. खाणं वजनाच्या धास्तीने, आणि पाणी वाटेत आडोसा मिळणार नाही म्हणून. सकाळपासून एक घोटही न घेता दुपारपर्यंत चालणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. डोकं ठणकतं, लघवी गडद पिवळी होते, आणि घरी गेल्यावर जळजळ सुरू. "ट्रेक बाधला" म्हणतात. ट्रेक नाही बाधत, तहान मारणं बाधतं. म्हणून गट नेणाऱ्याने आडोशाच्या थांब्यांची आधीच आखणी करावी आणि निघताना सगळ्यांसमोर मोठ्याने सांगावं की अमुक ठिकाणी थांबणार आहोत. मी हे करायला लागल्यापासून मुलींच्या बाटल्या रिकाम्या व्हायला लागल्या. संकोच आपण सांगितल्याशिवाय जात नाही.

दुसरं, खूप व्यायाम आणि कमी खाणं हे महिनोन्‌महिने चाललं की पाळी अनियमित होते किंवा थांबतेच, हाडं ठिसूळ होतात, सारखं आजारपण येतं. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये याला 'रेड-एस' असं नाव दिलं, आणि ते पुरुषांनाही होतं हेही तेव्हाच मांडलं. पाळी थांबली म्हणजे अंग कसून तयार झालं असं समजणाऱ्या मुली मला भेटतात, तेव्हा पोटात गोळा येतो. कृपया असं झालं तर डॉक्टरकडे जा.

आणि लोह. सारखा थकवा येत असेल तर सराव वाढवण्याआधी हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (यावरून अंगातला लोहाचा साठा कळतो) तपासून घ्या. शाकाहारी असाल तर कडधान्यांबरोबर लिंबू किंवा क जीवनसत्त्व असलेलं दुसरं काही घ्या, लोह जास्त शोषलं जातं. चहा-कॉफी जेवणाला लागून नको, ती शोषण अडवतात.

---

दोनचाकी:

हिरवळ ताई, आडोशाच्या थांब्यांचं सगळ्यांसमोर सांगणं हे आमच्या गटात उद्यापासून सुरू करतो. हे आम्हाला सुचायला हवं होतं.

---

स्पंदन:

मी फिजिओथेरपिस्ट आहे. खाण्यावर छान चर्चा चालली आहे, मी रोजच्या हालचालीबद्दल लिहिते, कारण माझ्याकडे येणारे गुडघे बहुतेक मोहिमेहून परत आलेले असतात.

जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस अशी आहे: आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रम, किंवा ७५ ते १५० मिनिटं जोरकस श्रम, आणि शिवाय किमान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम. यातला शेवटचा भाग चालणारे लोक सर्रास सोडतात. "आम्ही चालतो की!" म्हणतात. चालण्याने दम वाढतो, पण सॅक घेऊन उतरताना मांडीच्या पुढच्या स्नायूला जे काम पडतं त्याची तयारी सपाटीवर चालून होत नाही.

उताराकडे कोणी गांभीर्याने बघतच नाही. चढताना धाप लागते म्हणून चढ अवघड वाटतो. उतरताना मात्र मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच अंगाचा भार पेलत असतो, आणि अशा कामात स्नायूच्या तंतूंना बारीक इजा होतात. म्हणूनच ठणका त्याच दिवशी येत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येतो. २४ ते ७२ तास हा त्याचा जोराचा काळ. तीन दिवसांच्या चालीत पहिल्याच दिवशी मोठा उतार असेल तर पुढचं कसं होतं ते तुम्हीच जाणता. यात दिलासा एवढा की एकदा असं काम पडलं की स्नायू काही आठवड्यांसाठी शहाणा होतो आणि पुढच्या वेळी तेवढी इजा होत नाही. म्हणजे निघण्याआधी दोन-तीन आठवडे एखादा मोठा उतार मुद्दाम उतरून या.

सांजवेळ ताई, तुमच्यासाठी घरातला व्यायाम सांगते. जिन्याच्या सगळ्यात खालच्या पायरीवर उभ्या राहा. एक पाय पायरीवरच, दुसऱ्या पायाची टाच सावकाश खाली न्या, मनात तीन मोजत, आणि जमिनीला जेमतेम लागली की परत वर. गुडघा आत वळू देऊ नका, तो पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहिला पाहिजे. एका पायाने आठ-दहा वेळा, मग दुसऱ्या. कठड्याला हात लावला तरी चालेल. आठवड्यातून दोन-तीनदा. त्यानंतर जिना चढउतार, आधी मोकळ्या हाताने, मग सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या भरून. गुडघ्यात कळ आली तर थांबायचं, मांडी भरून आली तर चालेल.

व्यायामाचं आणि खाण्याचं नातं इथेही आहे. स्नायू भरून यायला प्रथिनं लागतात. नेहमीची शिफारस वजनाच्या किलोमागे ०.८ ग्रॅम, पण नियमित सराव करणाऱ्याला १.२ ते २ ग्रॅमपर्यंत लागतात. सगळी रात्रीच्या जेवणात कोंबण्यापेक्षा प्रत्येक खाण्यात २०-२५ ग्रॅम अशी वाटून घ्या.

---

सांजवेळ:

स्पंदन, पायरीचा व्यायाम आज करून पाहिला. डावा गुडघा आत वळतोय हे आरशात दिसलं, मला पत्ताच नव्हता. आता पाण्याचं सांगा. कोणी म्हणतं दिवसाला चार लिटर, कोणी म्हणतं तहान नसली तरी पीत राहा. नेमकं काय करायचं?

---

स्पंदन:

तहान नसतानाही पीत राहा, हा सल्ला धोकादायक आहे, हे स्पष्टच लिहिते. कमी पाण्याचा त्रास सगळ्यांना माहीत असतो, जास्त पाण्याचा नसतो. घामातून मीठ जातं, वरून नुसतं पाणी ढोसलं की रक्तातलं सोडियम पातळ होतं. ते लिटरमागे १३५ मिलिमोलच्या खाली गेलं की त्याला हायपोनाट्रेमिया म्हणतात. डोकेदुखी, मळमळ, बोटं सुजणं, गोंधळ उडणं. लक्षणं उन्हाच्या त्रासासारखीच दिसतात, त्यामुळे सोबती आणखी पाणी पाजतात आणि माणूस आणखी बिघडतो. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये रक्त तपासलेल्या धावपटूंपैकी १३ टक्क्यांमध्ये सोडियम कमी आढळलं होतं, आणि त्याचा सगळ्यात ठळक संबंध शर्यतीत वजन वाढण्याशी होता, म्हणजे गरजेपेक्षा जास्त पिण्याशी.

घामाचं प्रमाण माणसागणिक इतकं बदलतं की सगळ्यांना एक आकडा सांगता येत नाही. तासाला अर्धा लिटर ते दोन लिटर असा फरक असतो. म्हणून स्वतःचं मोजा. लांब फेरीआधी कमीत कमी कपड्यांत वजन करा, किती पाणी प्यायलात ते लिहून ठेवा, परत आल्यावर अंग पुसून पुन्हा वजन. एक किलो घट म्हणजे साधारण एक लिटर. वजनाच्या २ टक्क्यांपर्यंत घट चालते. वजन वाढलं असेल तर तुम्ही नक्कीच जास्त प्यायलात. एरवी तहानेप्रमाणे घोटघोट प्या आणि सोबत खारट काहीतरी खा.

मिठाबद्दल मुद्दाम सांगते. रोजच्या आयुष्यात दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ हा नियम बरोबरच आहे, तो पाळाच. पण चार-सहा तास घाम गाळल्यावर त्या दिवसाचा हिशोब वेगळा. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी मात्र डॉक्टरांना विचारूनच ठरवावं.

जुलाब किंवा उलट्या झाल्या तर ओआरएसचं पाकीट. एका पाकिटाला पूर्ण एक लिटर पाणी, अर्ध्या बाटलीत पूर्ण पाकीट नाही. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. साखर चवीसाठी नसते. आतड्यात ग्लुकोज आणि सोडियम जोडीने आत घेतले जातात आणि त्यांच्यामागे पाणी जातं, म्हणून दोन्ही हवेत.

---

शिधा:

मी गटासाठी स्वयंपाकाचा बेत आखते, त्यामुळे पाकिटं आणि वजनं हा माझा प्रांत. थोडं सविस्तर लिहिते.

पहिलं म्हणजे खाणं किलोमीटरवर नाही, तासांवर मोजायचं. स्कॉटलंडच्या विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये सांगितलेला आडाखा आजही कामाला येतो: दर ५ किलोमीटरला एक तास आणि दर ६०० मीटर चढाला वर एक तास. म्हणजे १५ किलोमीटर अंतर आणि १२०० मीटर चढ असेल तर तीन अधिक दोन, पाच तास, थांबे सोडून. नवख्या गटाला मी त्यावर आणखी निम्मा वेळ धरते. मग तासाला एक खाऊ, असे प्रत्येकाचे आठ खाऊ. वर एका जेवणाचा राखीव शिधा, जो परत आणायच्याच हिशोबाने न्यायचा.

दुसरं, वजन. १०० ग्रॅम शेंगदाण्यात ५६० च्या वर कॅलरी आणि २५ ग्रॅम प्रथिनं, बदामातही जवळपास तेवढ्याच कॅलरी. ओट्समध्ये ३८० च्या वर, कोरड्या तांदळात ३६० च्या आसपास, खजुरात २८०, केळ्यात ९०. म्हणून ताजी फळं पहिल्या दिवसापुरती, पुढे सुकी. चालताना खजूर, मनुका, केळं असं गोड, लवकर पचणारं. दाणे-बदाम पचायला वेळ घेतात, ते थांब्यावर किंवा संध्याकाळी. चढावर मूठभर बदाम खाऊन लगेच जोर येईल अशी अपेक्षा ठेवू नका. अनाहत आणि पायपीट यांचा वाद माझ्या पिशवीत असा मिटतो: दिवसा कर्बोदकं, मुक्कामी चरबी.

प्रत्येक दिवसाची वेगळी पिशवी करा आणि वर दिवस लिहा. एकाच मोठ्या पिशवीत सगळं असलं की पहिल्या रात्री चांगलंचुंगलं संपतं आणि शेवटच्या दिवशी नुसते ओट्स उरतात.

तिसरं, शिजवणं. दर ३०० मीटर उंचीला पाणी साधारण १ अंश कमी तापमानाला उकळतं. ३००० मीटरवर ते ९० अंशांच्या आसपास. तिथे राजमा किंवा छोले शिजत नाहीत, गॅस संपतो पण दाणा कडकच राहतो. सालं काढून फोडलेली मसूर, बारीक नूडल्स, कूसकूस (गव्हाच्या रव्याचे बारीक दाणे), ओट्स हे तिथले पदार्थ. पिण्याचं पाणी खळखळून एक मिनिट उकळा, २००० मीटरच्या वर तीन मिनिटं.

शिजवलेला भात सकाळी डब्यात भरून दुपारी उन्हात खाऊ नका. त्यात बॅसिलस सिरियस हा जिवाणू वाढतो. त्याचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत आणि उलट्या करणारं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. शिजवलेलं अन्न बाहेर दोन तास, आणि ३२ अंशांच्या वर ऊन असेल तर एकच तास. आणि वाढण्याआधी हात साबणाने धुवा. नुसतं सॅनिटायझर सगळ्या विषाणूंवर चालत नाही, नोरोव्हायरससारख्या पोट बिघडवणाऱ्यावर तर नाहीच.

भाजीपाल्याबद्दल खूप जण विचारतात. जेम्स लिंड या जहाजावरच्या डॉक्टरांनी १७४७ मध्ये खलाशांना संत्री-लिंबं देऊन स्कर्व्ही, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या अभावाचा रोग, बरा केला, पण तो रोग आठवड्यात होत नाही, त्याला महिने लागतात. चार दिवस कोशिंबीर नसली तर काही बिघडत नाही. बिघडतं ते पोट साफ न होण्याने, त्यासाठी सुके अंजीर किंवा सुके आलुबुखार दोन-दोन रोज न्या.

---

वाटसरू:

नमस्कार, बरेच दिवस नुसता वाचक आहे. माझ्या बाबांना मधुमेह आहे, इन्सुलिन घेतात. रोज तासभर चालतात आणि त्यांची दोन दिवसांच्या सोप्या चालीला यायची फार इच्छा आहे. न्यावं की नको? इथे सगळे साखर खा म्हणतायत, म्हणून भीतभीत विचारतोय.

---

स्पंदन:

वाटसरू, अवश्य न्या, पण आधी त्यांच्या डॉक्टरांशी बसून त्या दोन दिवसांच्या डोसचं ठरवा. चालण्याने इन्सुलिन जास्त प्रभावी होतं, त्यामुळे नेहमीचा डोस त्या दिवशी जास्त ठरू शकतो. साखर खाली येण्याचा धोका चालून झाल्यावरही राहतो, अगदी २४ तासांपर्यंत, म्हणून रात्री झोपण्याआधी तपासणं फार महत्त्वाचं. हात थरथरणं, घाम, गोंधळ दिसला तर १५ ग्रॅम साखर किंवा ग्लुकोज, १५ मिनिटं थांबून पुन्हा तपासणी, गरज वाटली तर पुन्हा १५ ग्रॅम. गुंगीत असतील, गिळता येत नसेल तर तोंडात काही घालू नका, तेव्हा थेट वैद्यकीय मदत. ग्लुकोज तुमच्याही खिशात असू द्या आणि गटातल्या सगळ्यांना माहीत असू द्या.

थंडी असेल तर इन्सुलिन सॅकच्या बाहेरच्या कप्प्यात नको. गोठलेलं इन्सुलिन वापरायचं नाही, वितळलं तरी नाही. रात्री झोपण्याच्या पिशवीत अंगाजवळ ठेवा. ग्लुकोमीटरही थंडीत दगा देतो. आणि रोज संध्याकाळी बाबांचे मोजे काढून तुम्ही स्वतः तळवे बघा. मधुमेहात पायाची संवेदना कमी झालेली असू शकते, फोड आलेला त्यांना कळणारच नाही.

---

अनाहत:

धागा पुन्हा वाचला. चढावर थोडी कर्बोदकं घेऊन बघायला मी तयार आहे, शिधा ताईंची दिवसा-रात्रीची वाटणी पटली.

परतल्यानंतरचं मात्र कोणी लिहिलं नाही. मोहिमेहून आलं की भूक खवळलेली असते, आणि दोन-तीन दिवस ती असणं योग्यच आहे. पण चालणं थांबतं आणि खाणं तसंच चालू राहतं. मग पुढच्या मोहिमेपर्यंत महिनोन्‌महिने खुर्ची. वर्षातून दोनदा हिरिरीने डोंगर आणि एरवी लिफ्ट, याला मी तरी सक्रिय जगणं म्हणणार नाही.

---

पायपीट:

अनाहत, शंभर टक्के सहमत. आमच्या गटात आम्ही परतीच्या प्रवासातच पुढच्या रविवारची छोटी फेरी ठरवून टाकतो. लांबची नाही, दीड-दोन तासांची. त्या दिवशी तासाला खाऊची गरज नसते, साधा नाश्ता पुरतो. खाणं त्या दिवसाच्या श्रमाइतकं खाली आणायची सवय तिथेच लागते.

उंचीबद्दल एक राहिलं. ३००० मीटरच्या वर जाणार असाल तर भूक मरते, जेवण बघूनही नको वाटतं. तिथे ताटभर जेवणाऐवजी दर तासाला थोडं, कोमट, आवडीचं काहीतरी घ्या. झोपायची उंची दिवसाला ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नका आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर थांबा. डोकेदुखीसोबत मळमळ असेल तर ते न खाल्ल्याने झालं असं स्वतःला समजावत वर जाऊ नका. उतरा.

सांजवेळ ताई, तुमच्यापुरतं: वजन उतरवायची तूट सोमवार ते शुक्रवार ठेवा, तीही बेताची. लांब चालीच्या आदल्या रात्री आणि त्या दिवशी तूट नाही. सकाळी निघण्याआधी तासभर ओट्स किंवा ब्रेड-अंडी, जे तुम्हाला पचतं ते. मग तासाला एक खाऊ. या शनिवारी सॅक घेऊन तीन तासांची फेरी करून या, आधी आणि नंतर वजन करा. दोन्ही आकडे, प्यायलेलं पाणी आणि त्या दिवशी ऊन किती होतं ते इथे लिहा, म्हणजे तुमच्या मुक्कामाच्या चालीला किती बाटल्या लागतील ते काढता येईल.

---

सांजवेळ:

लिहिते. केळी आजच आणून ठेवली आहेत, आणि मुलीला सोबत यायला तयार केलंय.